डोकं उघडलेली बाई

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून धाडसाची अपेक्षा करायला नको. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की गॅस बंद केला का, म्हणून परत येणारी बाई मी. सांगलीत माझा शिवणक्लास आहे. तिथल्या पोरी माझ्या पाठीमागे माझ्या घाबरण्याची नक्कल करतात, तेही मला ठाऊक आहे. अशा बाईने एकटीने मराठवाड्यात जायचं आणि एका अनोळखी बाईला धीर द्यायचा, असं आमच्या संस्थेने ठरवलं, तेव्हा घरातले सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसून घेतलं.

आमची संस्था मेंदूत गाठ झालेल्यांसाठी काम करते. बाहेरगावच्या पेशंटला इस्पितळाजवळ राहायला खोली, ज्यांना झेपत नाही त्यांना औषधं, वेळी-अवेळी फोनवर बोलायला माणूस, अशी तिची कामं. गाठींवर संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही ती मदत करते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा पेशंटच्या परवानगीने थंड पेटीत जपून ठेवतात आणि ही मंडळी त्याच्या पातळ चकत्या करून अभ्यास करतात. माझाही एक तुकडा तिथे आहे. पण संस्थेची एक रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याचं ऑपरेशन व्हायचंय, त्याच्या घरी ज्याचं होऊन गेलंय असा माणूस पाठवायचा. त्याने जाऊन बसायचं, चहा प्यायचा, डोक्यावरचे टाके दाखवायचे आणि म्हणायचं, बघा, मी आहे. याला आम्ही 'जोडी लावणं' म्हणतो. माझ्या वेळी एक निवृत्त पोस्टमन आले होते. त्यांनी टोपी काढून डोकं पुढे केलं आणि मी आधी शिलाई बघितली. शिलाई सुरेख होती. तेवढ्यावर मी ऑपरेशनला तयार झाले, हे डॉक्टरांना अजून माहीत नाही.

या वेळी मला जायचं होतं भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला. कावेरी नावाची बाई, तिशीच्या आतली. तिच्या गाठीने नजरेच्या शिरेवर दाब आणलेला, अधूनमधून फिट येत होत्या. संभाजीनगरच्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा घरच्यांनी तिला नेलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही तारीखही गेली तर आधी डोळे जातील आणि मग बाई जाईल. कुटुंब ऐकत का नाही, ते संस्थेतल्या कुणालाच कळत नव्हतं. 

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. इतकी वर्षं मला फिट आली नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्या गोळ्या हळूहळू कमी करत अलीकडेच पूर्ण बंद केल्या होत्या. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. पहिल्या वेळीही सगळं करंगळीपासूनच सुरू झालं होतं. घरी बोलले असते तर लगेच स्कॅन काढायला लावला असता, आणि स्कॅन काढला की काय ते कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी बॅग भरली आणि सगळ्यांना वाटलं, बाई किती धीट झाली.

जालना ते जाफराबाद

जालन्याला सकाळी उतरले. थंडी होती. स्टँडबाहेर चहा घेतला. आमच्याकडच्या मानाने इथला चहा चांगलाच गोड, आणि 'साखर कमी' म्हटल्यावर चहावाल्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. त्याची काही चूक नव्हती.

भोकरदनची बस लागायची होती. तेवढ्यात एका जीपवाल्याने 'चला मावशी, जल्दी' म्हणत माझी बॅग उचलून टपावर टाकली. बॅग गेली तिकडे मी गेले. जीप कुठे चालली आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष करंगळीकडे होतं. दोन्ही बाजूंनी बायका, मांडीवर कुणाची तरी पिशवी, आणि मी डाव्या हाताची बोटं एकेक करून मोजून हलवून बघत होते. शेजारच्या बाईला वाटलं मी जप करते आहे. तिने मला जागा करून दिली.

बाहेर कापूस फुटलेला होता. वेचणीच्या बायका ओळीने वाकलेल्या, कमरेला ओटी बांधलेली. आमच्याकडे उसाने रान बंद होऊन जातं, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. इथे नजर अडतच नाही. इतर कुठल्या वेळी मला ते मोकळं रान आवडलं असतं. त्या दिवशी मात्र एवढंच वाटत राहिलं की इथे काही झालं तर दवाखाना कुठल्या दिशेला असेल.

जीप थांबली तेव्हा कळलं की हे जाफराबाद. भोकरदनला माझी वाट बघत उभे असलेले साळवे सर मला शोधायला मोटारसायकलवर तिकडून इकडे आले. सर भोकरदनला प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत आणि या भागातलं संस्थेचं काम तेच बघतात. पन्नाशीचा शांत माणूस. रागावले असतील तर दाखवलं नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही भजी खाल्ली आणि तिथे मी त्यांना विचारलं की तुम्ही या कामात कसे आलात. मला वाटलं, शिक्षक आहेत, समाजकार्याची आवड असेल.

"माझी मिसेस याच आजारानं गेली," सर म्हणाले. "तिची गाठ तुमच्यासारखी बरी होणारी नव्हती."

 ते भजी खात पुढे सांगत राहिले. ऑपरेशन झालं, बाई वर्षभर चांगली राहिली, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा नाच बसवला, आणि मग एक दिवस परत सुरू झालं. सर म्हणाले की ते पेशंटच्या घरी जातात, कागदपत्रं करून देतात, गाडी ठरवून देतात. पण स्वतःचं कधी सांगत नाहीत. "माझी गोष्ट ऐकून कोण दवाखान्यात जाईल, ताई? म्हणून तर तुम्हाला बोलावून घेतो. तुम्ही नुसत्या समोर बसल्या तरी काम होतं."

मी टेबलाखाली डावा हात उजव्या हातात धरून बसले होते. 'एक दिवस परत सुरू झालं' हे एवढंच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्या क्षणी मी सरांना खरं सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने मला चांगलं उदाहरण म्हणून इतक्या लांबून बोलावलं, त्याच्यासमोर तोंड उघडेना.

मुक्काम भोकरदनला सरांच्या घरी होता. त्यांच्या आईने ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. आम्ही सांगली-कोल्हापूरची माणसं तिखटाच्या बाबतीत जरा मिजासखोर. मी तोऱ्यात मोठा घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं डोळ्यांतून नुसतं पाणी. म्हातारी खूश झाली. इकडच्या मिरचीला ट्रक भरून मागणी असते, असं तिने मला समजावून सांगितलं आणि वर आणखी तेल ओतलं. त्या हसण्यात थोडा वेळ मी माझा हात विसरले.

धावडा

दुसऱ्या दिवशी सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून धावड्याला निघालो. समोर अजिंठ्याच्या डोंगराची रांग धूसर दिसत होती आणि जवळ येत होती. मी सीटची कडी उजव्या हाताने धरली होती. डाव्या हातावर भरवसा उरला नव्हता. सर मध्येच शेतं दाखवत होते, ही तूर, हा हरभरा, आणि मी मागून हूं हूं करत होते.

कावेरीचं घर गावाच्या कडेला होतं. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायची. आता थोडी शेती आहे, नवरा रामेश्वर मजुरीलाही जातो, आणि अंगणात जाळीच्या कुंपणात थोडी मेंढरं राहिली आहेत. ती सगळी सासऱ्यांची, दगडूबांची. बाजेवर बसलेले दगडूबा उठले, मुंडासं सारखं केलं आणि मला बसायला घोंगडी टाकली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे दगडूबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "डोकं उघडलेली बाई तुम्हीच का?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी टाके बघू का, म्हणून विचारलं. मी केस बाजूला केले. मला वाटलं, लांबून बघतील. पण त्यांनी अंगठ्याने माझ्या कवटीवर जखमेच्या कडेकडेने दाबत नेलं, सावकाश, सगळी रेघ. हाड कुठे बसलं आहे, कुठे खळगा आहे, ते बघत होते. डॉक्टरांनीही कधी इतकं निरखून तपासलं नव्हतं. 

मग त्यांनी जे सांगितलं, त्याने हे कुटुंब ऐकत का नाही, हे मला कळलं. मेंढरांना एक रोग होतो. मेंढरू कळपातून बाजूला पडतं आणि एकाच जागी गोल गोल फिरत राहतं. त्याच्या डोक्यात पाण्याची पिशवी झालेली असते. वरचं हाड पातळ होतं, अंगठ्याने दाबलं की कळतं. जुने मेंढपाळ तिथे सुरीने कवटी उघडत, पिशवी ओढून काढत आणि वर हळद भरून बांधत. दगडूबांनी हे स्वतः केलं होतं, उमेदीच्या काळात, पुष्कळ वेळा.

"उठतं मेंढरू," दगडूबा म्हणाले. "चरतं बी. पण कळपाला ओळखत न्हाई. पिल्लू दूध प्यायला आलं तं लाथ मारतं. मंग काही दिवसांनी परत फिरायला लागतं. माह्या हातानं उघडलेलं एकबी मेंढरू परत माझं झालं न्हाई, बाई. सून आज आमाला ओळखती. तिचं डोकं उघडून मी काय करू?"

साळवे सर समजावत होते की गाठ वेगळी, रोग वेगळा, हे डॉक्टर वेगळे. मी पण तेच बोलले. मी सांगितलं की मी माझ्या मुलीला ओळखते, क्लासातल्या पोरींना नावानिशी ओळखते, ब्लाउजची मापं तोंडपाठ आहेत. दगडूबा मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, थोडे वळताहेत. मग त्यांनी विचारलं, परत तर काही झालं नाही ना?

मी नाही म्हटलं. करंगळीच्या मुंग्या तेव्हा मनगटापर्यंत आल्या होत्या.

कावेरी घराच्या मागल्या बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिला चुलीजवळ जाऊ देत नाहीत, विहिरीवर जाऊ देत नाहीत, म्हणून बसून करायची कामं तिच्याकडे. बघत नव्हतीच, नुसत्या बोटांनी शेंग फोडून दाणे टोपलीत टाकत होती. मी जवळ बसले तेव्हा ती माझ्या आवाजाकडे वळली. चेहरा इतका कोवळा की मला माझी मुलगीच आठवली. मी ऑपरेशनचं सांगायला सुरुवात केली, पण तिला त्यातलं काही नको होतं. तिने इकडेतिकडे कानोसा घेतला आणि हळूच विचारलं.

"ताई, मी गोल फिरते का हो?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. फिट आली की तिला काही आठवत नाही. जाग येते तेव्हा सगळे तोंडं पाडून तिच्याकडे बघत असतात. तिने नवऱ्याला कितीदा विचारलं की मी तेव्हा काय करते. तो बोलतच नाही, उठून जातो. म्हणून तिने मनाशी धरून ठेवलं होतं की आपण त्या मेंढरांसारखं गोल फिरत असणार आणि घरातले ते लपवत असणार. तिने लहानपणापासून फिरणारी मेंढरं बघितली होती. रोज झोपताना तिला तेच दिसायचं.

"तुमी फिरायच्या का?" तिने विचारलं.

खरं तर मलाही माहीत नव्हतं. माझ्या फिट मी थोड्याच बघितल्या होत्या. घरच्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही गं." तिने मान खाली घातली आणि परत शेंगा फोडायला लागली. धीर द्यायला आलेल्या बाईचं हे असलं उत्तर.

जेवायला बसलो. रामेश्वर कामावरून आला होता. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. मी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलायला गेले आणि हात मधेच थांबला. मग तो आपोआप वर जायला लागला. मी उजव्या हाताने त्याला धरलं, खाली दाबायला लागले. तांब्या पडल्याचा आवाज आला. मला आठवतं ते एवढंच की समोर दगडूबांचा हात भाकरी मोडता मोडता थांबला होता आणि माझ्या मनात आलं, अरे देवा, इथे नको. यांच्यासमोर नको.

पुढे काही नाही.

जाग आली ती कांद्याच्या वासाने. कुणीतरी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला होता. वर पत्रे दिसत होते. मी कुशीवर होते; साळवे सरांनी वळवलं होतं, हे मागाहून कळलं. आपण कुठे आहोत, हे कळेना, आपलं नाव काय, तेही कळेना. सुईत दोरा ओवायला जावं आणि प्रत्येक वेळी तो बाजूने निसटावा, तसं होत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, ऑपरेशनलाही नाही. मुंडासं बांधलेला एक म्हातारा माझ्यावर वाकून परत परत विचारत होता, "बाई, मला वळखलं का? मी कोण?" मी त्याच्याकडे बघत राहिले. मला खरोखर माहीत नव्हतं तो कोण आहे. तो उठला आणि बाहेर निघून गेला.

हळूहळू सगळं परत आलं, आणि आल्याबरोबर लाज घेऊन आलं. मी रडायला लागले. डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं, ती कावेरी होती. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी हे सगळं एकदा घरात बघितलेलं होतं. ते फोनवर गाडीचं विचारत होते, आणि आपण किती दिवस त्रास लपवला, हे मी त्यांना तिथेच, पडल्या पडल्या सांगितलं.  ते माझ्या पायांवर घोंगडी ओढून बसले.

बाहेरून दगडूबांचा आवाज आला. ते रामेश्वरला सांगत होते, "बघितलं ना? परत फिरलं. उघडलेलं परत फिरतंच."

मी डोळे मिटून घेतले. झालं, संपलं, असं वाटलं. ज्या कामासाठी आले होते, त्याच्या नेमकं उलटं मी त्यांच्या ताटापुढे करून दाखवलं होतं. आता ही पोर आंधळी होऊन मरणार आणि त्याला मी कारण होणार.

"फिरल्या न्हाई, मामा." कावेरी मांडीवरचं माझं डोकं न हलवता बोलली. तिचा आवाज घरात कुणी इतका मोठा ऐकला नसावा, कारण बाहेरचं बोलणं थांबलं. "म्या जवळून बघितलं. दिसलं तेवढं बघितलं, बाकी हातानं धरलं. पडल्या, हात झटकला, मंग झोपल्या. येवढंच झालं. बिलकुल फिरल्या न्हाई." मग ती थोडी थांबली. "आन् डोळं उघडल्या बराबर मला म्हणल्या, घाबरू नको कावेरी. तुमच्या आधी मला वळखलं त्यांनी."

हे मी म्हटलं होतं की नाही, मला आठवत नाही. साळवे सरांनी ऐकलं नव्हतं. कावेरीला मी नंतर कधी विचारलं नाही.

तिने नवऱ्याला हाक मारली आणि सरळ विचारलं, "मी बी अशीच पडते का? येवढंच करते का?" रामेश्वर दारात उभा होता. तो हो म्हणाला. मग तिने विचारलं की इतके दिवस सांगितलं का नाही. त्याने सांगितलं की तुला भीती वाटेल म्हणून. यावर ती हसली की रडली, मला खालून नीट दिसलं नाही.

"ताईला आजच दवाखान्यात न्यावं लागन," ती म्हणाली. "मी त्यांच्यासंगं जाते. आन् तारखेपर्यंत तिथंच राहते."

दगडूबा हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. शेजाऱ्याची जीप आली. मला मागच्या सीटवर बसवलं, कावेरी शेजारी बसली. गाडी सुरू होणार तेवढ्यात मागचं दार उघडून दगडूबा आत चढले, घोंगडी मांडीवर घेतली आणि बाहेर बघत बसले. मेंढरांकडे कोण बघणार, असं रामेश्वरने विचारलं, त्यावर त्यांनी शेजाऱ्याच्या घराकडे बोट केलं.

संभाजीनगरपर्यंत कावेरीने माझा डावा हात तिच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. हलायला लागला तर आधी मला कळेल, म्हणाली. मला तिच्या तळहाताला आलेला घाम जाणवत होता. भीत ती पण होती. 

संभाजीनगर

माझा स्कॅन त्याच संध्याकाळी झाला. त्या यंत्रात मी मागेही गेले होते, पण या वेळी आतला तो ठक ठक आवाज सुरू झाल्यावर मी मोठ्याने रडले. आतलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सोयीचं आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी पडद्यावर एक पांढरा डाग दाखवला आणि सांगितलं की हा जुन्या ऑपरेशनचा व्रण असू शकतो किंवा नवीन वाढ असू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा बघू तेव्हा कळेल. हे लिहिते आहे तेव्हा ते तीन महिने संपलेले नाहीत. घरी आता सगळ्यांना सगळं माहीत आहे. क्लासातल्या पोरी माझी नक्कल करत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

कावेरीला दाखल करून घेतलं. संस्थेने इस्पितळाजवळ खोली दिली होती, तिथे रामेश्वर आणि दगडूबा राहिले, आणि मीही राहिले. माझा भाऊ मला न्यायला आला होता, त्याला मी थांबवून घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संशोधनासाठी परवानगी मागायची वेळ आली. हे काम साधारणपणे डॉक्टर करतात, पण त्यांनी मला शेजारी बसवलं. मी कावेरीला सांगितलं की काढलेली गाठ तपासून झाली की टाकून देतात, पण तू हो म्हटलंस तर तिचा तुकडा जपून ठेवतील. अशा गाठी कशा वाढतात, कुठल्या औषधाने थांबतील, हे शोधणारी मुलं आहेत, त्यांना तो लागतो. तुला त्याचा उपयोग होईल असं नाही. पुढे कुणाला तरी होईल. माझाही तिथे आहे. कावेरीने लगेच हो म्हटलं. मग तिने सासऱ्यांकडे तोंड वळवलं.

दगडूबांनी विचार केला. म्हणाले, द्या, पण एक करा, कुत्र्याला लागू देऊ नका. मेंढराच्या डोक्यातली ती पिशवी कुत्र्याने खाल्ली की रोग साऱ्या कळपात जातो, म्हणून ते नेहमी लांब नेऊन खोल पुरत असत. तरुण डॉक्टरांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की पेटीला कुलूप असतं. त्यावर म्हाताऱ्याचं समाधान झालं.

ऑपरेशनच्या दिवशी साळवे सर आले, पण फाटकाशीच थांबले. मिसेसला इथंच आणलं होतं, आत त्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणाले. मी त्यांना आग्रह केला नाही. आम्ही वर बाकावर बसलो. दगडूबांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. मधेच त्यांनी मला विचारलं, सुरीने उघडतात का. मी म्हटलं की नाही, बारीक यंत्र असतं. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि तो मुठीत घेतला.

दुपार टळली. डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले की मेंदूला सूज आहे, काही दिवस ती बोलणार नाही कदाचित, माणसं ओळखायलाही वेळ लागू शकेल. घाबरू नका. हे 'घाबरू नका' मी आजवर इतक्या डॉक्टरांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी घाबरले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत सोडलं. आधी रामेश्वर गेला. तो बाहेर आला आणि भिंतीला टेकला. बोलली नाही, म्हणाला. हाक मारली तरी बघितलं नाही, नुसती वर बघून राहिली.  दगडूबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.  या माणसाची सून आम्हीच इथवर ओढून आणली होती.

नर्सने दगडूबांना मुंडासं काढायला लावलं, अंगावर हिरवा झगा चढवला. त्यांच्याने एकट्याने जाववेना, म्हणून मला बरोबर सोडलं. आत थंड होतं. कावेरी पलंगावर उताणी, डोकं पांढऱ्या बँडेजमध्ये, डोळे उघडे आणि छताला लागलेले. नाकात नळी, हातात सलाईन. मी तिचं नाव घेतलं. काहीच नाही. पुन्हा घेतलं. पापणीसुद्धा हलली नाही.

दगडूबा पायथ्याशी उभे होते. त्यांना सुनेला हाक मारायची सवय नव्हती. घरात ते तिचं नाव घेत नसत. काय करावं, त्यांना सुचेना. शेवटी घरात शिरताना करत असतील तसे ते नुसते खाकरले.

कावेरीचा डावा हात हलला. सलाईनची नळी ताणली गेली. बोटं छातीवरून चाचपडत चादरीच्या कडेपर्यंत गेली, कड सापडली, आणि तिने ती सावकाश वर ओढत नेली, गळ्यावरून, कानावरून डोक्यावर, आणि बँडेज झाकत पदरासारखी कपाळापर्यंत आणली. नर्स धावत आली, डोक्याला हात लावू नका, म्हणून तिने तो हात धरला. तरी कावेरीची बोटं चादर सोडेनात.

दगडूबा पलंगाची दांडी धरून खाली बसले.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "आता माह्यासमोर डोकं झाकू नको."